क्लासिकल गिटारचे प्रिल्यूड : कोणती प्रत घ्यावी आणि ती कशी वाचावी

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातील एक वाचक चार वर्षांपासून क्लासिकल गिटार शिकत आहेत, ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेची पाचवी ग्रेड त्यांनी दिली आहे आणि आता त्यांना प्रिल्यूड, म्हणजे मुळात मोठ्या रचनेआधी वाजवायच्या छोट्या रचना, वाजवायचे आहेत. फ्रान्सिस्को तारेगा यांच्या ‘लाग्रिमा’ या छोट्या प्रिल्यूडच्या चार प्रती त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतल्या. एक जुन्या छापील पानांचे स्कॅन आहे, दुसरी कोणा संपादकाने बोटांच्या आकड्यांनी भरून टाकलेली आहे, तिसरीत केवळ टॅब, म्हणजे कोणत्या तारेवर कोणता फ्रेट दाबायचा हे दाखवणारे लेखन, आहे आणि चौथी कोणी हौशी वादकाने संगणकावर तयार केलेली आहे. चारही प्रतींतील बोटांच्या जागा एकमेकींशी जुळत नाहीत. यांपैकी खरी प्रत कोणती, येथून ब्राझीलचे रचनाकार व्हिला-लोबोस यांच्या प्रिल्यूडपर्यंत कोणत्या क्रमाने जावे आणि पैसे नेमके कोणत्या पुस्तकावर खर्च करावेत, असे त्यांनी विचारले आहे.

आपण ज्याला खरी प्रत म्हणता, तशी एकच प्रत गिटारच्या बाबतीत सहसा मिळत नाही, आणि त्याचे कारण या वाद्याच्या रचनेतच आहे. पेटीवर एका स्वराला एकच पट्टी असते, त्यामुळे कागदावर स्वर लिहिला की बोट कोठे पडणार हे ठरून जाते. गिटारवर तसे नाही. पहिल्या मोकळ्या तारेचा जो ‘ई’ आहे, तोच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या गळ्यावरील आडवी पट्टी), तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. चारही ठिकाणी उंची तीच, पण मोकळ्या तारेचा आवाज लखलखीत आणि चौथ्या तारेचा भरदार, काहीसा झाकलेला. पाच रेघांवरील टिंब यांपैकी कोणती जागा हवी हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम टिंबाशेजारचे आकडे करतात. साधा आकडा डाव्या हाताच्या बोटाचा, वर्तुळातला आकडा तारेचा आणि रोमन आकडा फ्रेटचा. हे आकडे पुष्कळदा रचनाकाराचे नसून पुढे पन्नास-शंभर वर्षांनी आलेल्या संपादकाचे असतात, आणि त्या संपादकाचा हात केवढा होता, त्याच्या गिटारच्या तारा फ्रेटपासून किती उंच होत्या, त्याला कोणता आवाज प्रिय होता, हे सगळे त्या आकड्यांत उतरलेले असते.

म्हणून कोणतीही प्रत हाती आली की मी विद्यार्थ्याला गिटार बाजूला ठेवायला सांगतो आणि दोन रंगांच्या पेन्सिली देतो. स्वर, त्यांची लांबी, लय आणि नादाच्या चढउताराच्या खुणा एका रंगाने. बोटे, तारा, बारे (एक बोट आडवे टाकून अनेक तारा दाबणे) आणि स्वर जोडणाऱ्या कमानी दुसऱ्या रंगाने. पहिल्या रंगातले बदलायचे झाल्यास सबळ कारण हवे. दुसऱ्या रंगातले बदलण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, मात्र बदलण्यापूर्वी संपादकाने तसे का लिहिले असावे याचा विचार एकदा झालेला असावा. कमानींचे स्थान मात्र संशयास्पद असते, कारण त्या कधी रचनाकाराच्या असतात तर कधी संपादकाच्या सोयीच्या. त्यांच्याविषयी दोन प्रती समोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

आता ‘लाग्रिमा’च घेऊ, कारण ती आपल्यासमोर आहे. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ अश्रू. तारेगा यांचा जन्म 1852 चा आणि मृत्यू 1909 चा. ही रचना जेमतेम सोळा बारांची आहे. बार म्हणजे येथे दोन उभ्या रेषांमधला भाग, बोट आडवे टाकण्याचा ‘बारे’ नव्हे, ही गल्लत आपल्याकडे नेहमी होते. पहिले आठ बार ई मेजरमध्ये, पुढचे आठ ई मायनरमध्ये आणि मग पुन्हा सुरुवातीकडे. कोल्हापुरातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानावर सरगम आधी पडलेली असते, म्हणून ‘ई’ला षड्ज मानून पहिला बार गाऊन पाहा. वरच्या ओळीत ग, म, प असे चढत जाते आणि त्याच वेळी खालच्या ओळीत सा, रे, ग. दोन्ही ओळी हातात हात घालून वर जातात आणि त्यांच्या मधोमध दुसरी मोकळी तार वाजत राहते. ती तार ‘बी’ची, म्हणजे आपल्या षड्जाचा पंचम. तंबोऱ्यात जो पंचम सतत भरून राहतो, त्याचेच काम ही मधली तार येथे करते. दुसऱ्या भागात षड्ज हलत नाही, केवळ गंधार आणि धैवत कोमल होतात, आणि अश्रू जर कोठे असेल तर तो या बदलात आहे. हे एकदा गळ्यातून गेले की बोटांचे आकडे कोणाचे हा प्रश्न निम्म्याने हलका होतो, कारण कोणत्या बोटांनी या दोन ओळी अखंड राहतील एवढेच मग तपासायचे उरते.

फ्रेटच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या तारेवर चौथा, पाचवा, सातवा आणि चौथ्या तारेवर दुसरा, चौथा, सहावा. दोन बोटांमधले अंतर पहिल्यापासून दुसऱ्या जागेकडे जाताना कमी होते आणि तसेच पुढे सरकते. आपल्या चार प्रतींत या सरकण्यासाठी वेगवेगळी बोटे दिलेली दिसतील. ज्या बोटांनी वरचा ‘ग’ सोडून ‘म’वर जाताना मध्ये पोकळी राहत नाही ती बोटे आपली, मग ती कोणत्याही प्रतीतली असोत.

या कसोटीवर आपल्या प्रतींविषयी माझे मत असे. जुन्या छपाईचे स्कॅन मुख्य प्रत म्हणून ठेवावे. त्या काळच्या छापील संगीताच्या पानांवर तळाशी मधोमध एक क्रमांक असतो, तो छपाईच्या पत्र्याचा क्रमांक होय. तो आणि प्रकाशकाचे नाव दिसत असेल तर आपण कशासमोर बसलो आहोत हे निदान कळते. संपादकाची, आकड्यांनी भरलेली प्रत शेजारी सल्लागारासारखी ठेवावी. चौथी, संगणकावर केलेली प्रत मी बाजूला ठेवीन, आणि त्याचे कारण आपल्याला स्वतःच पडताळता येईल. तिच्यातील टिंबांच्या काड्या पाहा. गिटारच्या लेखनात वरच्या आवाजाच्या काड्या वर आणि खालच्या आवाजाच्या काड्या खाली काढतात, त्यामुळे कोणता स्वर कोणत्या ओळीचा आणि तो किती वेळ धरून ठेवायचा हे डोळ्यांना दिसते. हौशी प्रतींत पुष्कळदा सगळ्या काड्या एकाच दिशेला काढलेल्या असतात. मग खालचा ‘सा’ मधल्या तारेबरोबर संपला की पुढेही गुंजत राहिला हे कळायला मार्ग राहत नाही, आणि दोन ओळींची रचना साध्या आर्पेजिओसारखी, म्हणजे एका पकडीतले स्वर एकामागून एक छेडल्यासारखी, वाजू लागते.

टॅबविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. काही शिक्षक टॅब पाहिला की वही मिटतात, ते मला अन्यायाचे वाटते. गास्पार सान्स यांनी 1674 मध्ये सारागोसात छापलेला ग्रंथ टॅबमध्येच आहे. फ्रान्सच्या राजदरबारातील रोबेर द व्हिझे यांचा 1686 चा संग्रहही टॅबमध्ये आहे, आणि त्यात फ्रेटसाठी आकड्यांऐवजी अक्षरे वापरलेली आहेत. फरक असा की त्या काळच्या टॅबवर लयीच्या खुणा काळजीपूर्वक लिहिलेल्या असत. आज इंटरनेटवर मिळणाऱ्या टॅबमध्ये पुष्कळदा केवळ फ्रेटचे आकडे असतात आणि लांबी कानाने ओळखायची असे गृहीत धरलेले असते. प्रिल्यूडमध्ये सगळे मर्म लांबीतच असल्याने अशा टॅबवरून शिकलेला प्रिल्यूड मला दाराबाहेरूनही ओळखू येतो. पाच रेघांच्या खाली टॅब छापलेला असेल तर त्याकडे बोटांच्या सूचनांसारखे पाहावे, म्हणजे दुसऱ्या रंगात.

द व्हिझेचे नाव निघाले आहे म्हणून प्रिल्यूड या प्रकाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर शीट कशी वाचायची हे अवलंबून असते. ल्यूट हे जुने तंतुवाद्य आणि जुनी पाच जोडतारांची गिटार वाजविणारे वादक मुख्य नृत्यरचना सुरू करण्यापूर्वी तारा लागल्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी, बोटे मोकळी करण्यासाठी आणि ऐकणाऱ्यांच्या कानात तो सूर बसविण्यासाठी काही क्षण स्वैर वाजवीत. आतड्याच्या तारा हवेतील ओलाव्याने भराभर बेसूर होत, त्यामुळे ही सवय शोभेपेक्षा गरजेची होती. तीच पुढे कागदावर आली. फ्रेंच ल्यूटवादकांच्या काही प्रिल्यूडमध्ये लयीच्या खुणा जवळजवळ नसतातच, वादकाने आपल्या श्वासाप्रमाणे जावे अशी अपेक्षा असते. आपल्याकडे कोणी याला लगेच ‘म्हणजे आलाप’ असे म्हणतो, आणि देवल क्लबात बैठका ऐकून तयार झालेल्या कानाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. ते निम्मेच खरे आहे. आलाप त्या क्षणी घडतो आणि राग त्याला रस्ता दाखवतो. प्रिल्यूड मात्र कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, त्याचा प्रत्येक स्वर ठरलेला असतो आणि मोकळीक असलीच तर ती स्वरांमधल्या वेळात असते. तरीही ही तुलना मी वर्गात वापरतो, कारण जयपूर-अत्रौली घराण्याच्या या गावात वही आणि गाणे यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या परंपरेत वही आठवणीसाठी असे आणि गाणे समोर बसून घेतलेल्या तालमीतून मिळे. शीट म्युझिकलाही वहीइतकाच मान द्यावा. तो मान कमी नाही.

प्रिल्यूड हा मुळात पुढच्या रचनेचा उंबरठा होता याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जर्मन रचनाकार बाख यांच्या बीडब्ल्यूव्ही 999 (बाखच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक) या छोट्या प्रिल्यूडमध्ये दिसतो. मूळ सी मायनरमध्ये असलेला हा ल्यूटचा प्रिल्यूड गिटारवर डी मायनरमध्ये वाजवतात. सोळांशाच्या स्वरांची एकच नक्षी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहते, पण शेवटी संगीत षड्जावर परतत नाही, पंचमाच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) थांबते, जणू आता काहीतरी दुसरे सुरू व्हायचे आहे. माझे काही विद्यार्थी हा शेवट ऐकून प्रतीचे शेवटचे पान हरवले असे समजले होते. पान हरवलेले नाही. ही रचना योहान पेटर केल्नर यांनी केलेल्या नकलेमुळे आपल्यापर्यंत पोहोचली आहे आणि तिचा शेवट तसाच आहे. आपल्या सध्याच्या तयारीला ही रचना ‘लाग्रिमा’नंतर लगेच घेता येईल, कारण डाव्या हाताला ती फार छळत नाही आणि उजव्या हाताला शिस्त लावते.

बाखच्या इतर प्रिल्यूडच्या प्रती निवडताना मात्र अधिक सावध राहावे, कारण तेथे गिटारसाठीची प्रत्येक प्रत ही रूपांतरित प्रत असते. चेलोच्या पहिल्या सुटमधला (सुट म्हणजे नृत्यरचनांची मालिका) बेचाळीस बारांचा प्रिल्यूड सर्वांना ठाऊक आहे. चेलोवर तो जी मेजरमध्ये आहे, गिटारवर बहुधा डी मेजरमध्ये आणतात आणि सहावी तार ‘डी’पर्यंत उतरवतात. चेलो सुटची बाखच्या स्वतःच्या हातची प्रत शिल्लक नाही. त्यांच्या पत्नी अॅना माग्डालेना बाख यांनी केलेली नक्कल आहे, पण तिच्यातील कमानी जागोजागी एकमेकींशी विसंगत आहेत, त्यामुळे चेलोवादकांचेही कमानींविषयी एकमत नाही. गिटारसाठी रूपांतर करणाऱ्यांसमोर आणखी एक प्रश्न असतो. चेलोने सुचवलेला पण न वाजवलेला खर्जाचा स्वर गिटारवर प्रत्यक्ष वाजवावा की नाही? जॉन डुआर्ट यांच्या रूपांतरात असे स्वर जोडलेले आहेत, इतर काहींनी मूळ एकेरी ओळ तशीच ठेवली आहे. मला स्वतःला थोडे जोडलेले आवडते, खच्चून भरलेले आवडत नाही. आपण कोणतीही निवडा, पण चेलोची मूळ ओळ एका कागदावर शेजारी ठेवा, म्हणजे बाखचे किती आणि रूपांतरकाराचे किती हे दिसत राहील.

बीडब्ल्यूव्ही 998 या रचनेच्या बाबतीत बाखचे हस्तलिखित उपलब्ध आहे आणि त्यावर ही रचना ल्यूटसाठी किंवा हार्पसिकॉर्डसाठी (पियानोआधीचे पट्ट्यांचे वाद्य) असल्याचे लिहिलेले आहे. मूळ ई फ्लॅट मेजर, गिटारवर डी मेजर, सहावी तार येथेही ‘डी’ला. या प्रिल्यूडमुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. विद्यार्थिदशेत मी एका परिचितांच्या पुस्तकावरून त्याची झेरॉक्स काढून आणली. पुस्तक ए-फोरपेक्षा मोठे होते आणि मी घाईत पान नीट न लावल्यामुळे वरची कड कापली गेली. त्या कडेवरच वर्तुळातला सहा आणि त्यापुढे ‘डी’ ही तार उतरवण्याची सूचना होती. सहाव्या तारेच्या मोकळ्या स्वराच्याही खाली लिहिलेला स्वर दिसल्यावर मी तो छपाईचा दोष समजलो आणि पंधरवडाभर तो वरच्या सप्तकात वाजवत राहिलो. गुरुजींनी ऐकून केवळ एवढेच विचारले, की पहिले पान तू पूर्ण पाहिलेस का. तेव्हापासून मी कोणत्याही प्रतीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून वाचायला सुरुवात करतो. तेथे तारेचे ट्यूनिंग, लयीचा शब्द आणि कधी कधी संपादकाचे नाव असते.

याच कोपऱ्याशी संबंधित आणखी एक गोष्ट. गिटारचे संगीत जसे ऐकू येते त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. सहाव्या मोकळ्या तारेचा ‘ई’ पाच रेघांच्या खाली तीन छोट्या जादा रेघा ओढून त्यांच्याही खाली लिहिला जातो. पियानोची प्रत थेट गिटारवर वाजवू पाहणाऱ्यांना हे ठाऊक नसते. तारेगांनी शोपँचे काही प्रिल्यूड गिटारसाठी उतरवले, त्यांत ओपस (रचनाक्रमांक) 28 मधला सातवा, ए मेजरचा, अगदी छोटा आहे. तो वाजवायचा असेल तर गिटारचीच प्रत घ्यावी, पियानोच्या प्रतीवरून घरगुती जुळणी करू नये.

आता विसाव्या शतकाकडे वळू. मेक्सिकोचे मॅन्युएल पोन्से यांनी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासाठी 24 प्रिल्यूड लिहिले. सेगोव्हियांनी त्यांतले बाराच निवडून शॉट या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध केले. संपूर्ण संच मिगेल अल्काझार यांच्या संपादनाखाली पुढे टेक्ला या प्रकाशनाने 1981 मध्ये छापला. यामुळे एकाच प्रिल्यूडला दोन पुस्तकांत दोन वेगळे क्रमांक असतात, आणि ‘पोन्से, प्रिल्यूड क्रमांक अमुक’ असे शोधून उतरवून घेतलेला कागद भलताच निघू शकतो. सुरुवातीचे चार-पाच स्वर पाहून खात्री करावी. सेगोव्हियांच्या बोटांविषयी एक सावधगिरी सांगतो. त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवरचा, वरच्या फ्रेटवरचा भरीव आवाज प्रिय होता, म्हणून जे पहिल्या तारेवर सहज मिळेल ते ते पुष्कळदा खालच्या तारेवर नेतात. त्यांच्या हातून ते विलक्षण वाजे. आपल्या वयाच्या आणि अभ्यासाच्या विद्यार्थ्याने तो प्रयोग करून पाहावा, पण तो पाळलाच पाहिजे असे समजू नये. आणि नावाची एक गंमत : ल्यूटवादक सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस यांच्या नावाने ए मायनरचा एक सुट, त्याच्या प्रिल्यूडसह, अनेक वर्षे वाजवला गेला, तो प्रत्यक्षात पोन्सेंनीच लिहिलेला होता. शीटच्या माथ्यावरचे नावही कधी कधी पेन्सिलीने दुरुस्त करावे लागते.

पॅराग्वेचे अगुस्तिन बारिओस यांच्याबाबत अडचण वेगळी आहे. त्यांनी आपले थोडेच संगीत छापून घेतले. बाकीचे हस्तलिखितांवरून आणि त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून इतरांनी जुळवले. ‘ला कातेद्राल’ या रचनेचे दोन भाग 1921 चे आहेत आणि तिच्या सुरुवातीचा प्रिल्यूड त्यांनी 1938 मध्ये जोडला. त्यामुळे दोन चांगल्या प्रतींतही स्वरांचा फरक आढळतो आणि तो दोष नसतो.

ब्राझीलचे हेइटोर व्हिला-लोबोस यांचे पाच प्रिल्यूड हे आपले अंतिम स्थान आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून त्यांच्याविषयी जरा विस्ताराने. हे 1940 मधले आहेत, त्यांनी ते सहचारिणी मिंदिन्या यांना अर्पण केले. उरुग्वेचे आबेल कार्लेव्हारो यांनी डिसेंबर 1942 मध्ये मोंतेव्हिदेओत ते प्रथम सादर केले आणि पॅरिसच्या माक्स एशिग या प्रकाशकाने 1954 मध्ये छापले. तेव्हापासून जगभरच्या वादकांनी एशिगचीच पाने वापरली. त्या छपाईतील काही जागा संदिग्ध आहेत, विशेषतः चौथ्या प्रिल्यूडमधील हार्मोनिकच्या, म्हणजे तारेला बोट नुसते टेकवून काढलेल्या स्वरांच्या, जागी. हार्मोनिकसाठी चौकोनी हिरकणीसारखे टिंब काढतात. पण ते टिंब बोट जेथे ठेवायचे ती जागा दाखवते की जो स्वर ऐकू येणार तो दाखवते, याविषयी सर्व छपाईत एकच पद्धत पाळली जात नाही. अलीकडे त्याच प्रकाशनगृहाने फ्रेदेरिक झिगांते यांच्या संपादनाखाली हस्तलिखितांशी ताडून नवी आवृत्ती काढली आहे. आपण एकाच पुस्तकावर पैसे खर्च करणार असाल तर ते यावर करा असे मी स्पष्टच सांगतो.

पाचांपैकी पहिला, ई मायनरचा, सर्वांत लोकप्रिय आणि म्हणून सर्वांत जास्त बिघडवलेला आहे. व्हिला-लोबोस स्वतः चेलो वाजवीत आणि या प्रिल्यूडमधील मुख्य ओळ चेलोसारखी खालच्या तारांवर, अंगठ्याने गायची आहे. वरच्या तारांवरील कॉर्ड ही केवळ साथ. कागदावर हे काड्यांच्या दिशेने दाखवले आहे. गाण्याच्या काड्या खाली, कॉर्डच्या वर. ज्याला काड्या वाचायची सवय नाही तो डोळ्यांना ठळक दिसणारे कॉर्ड जोरात वाजवतो आणि खालचे गाणे त्यांच्या ओझ्याखाली दबते. यावर माझा उपाय साधा आहे. आठवडाभर केवळ अंगठ्याची ओळ वाजवायची, तीही त्याच तारेवर आणि त्याच बोटांनी जी शेवटी वापरायची आहेत. नंतर कॉर्ड इतके हलके घालायचे की शेजारच्या खोलीत गाणे तेवढे ऐकू जावे. मधला ई मेजरचा भाग हाताला सोपा जातो, म्हणून त्यात वेग वाढवण्याचा मोह आवरावा लागतो.

मात्र सुरुवात पहिल्यापासून करू नये. तिसरा, ए मायनरचा, रचनाकाराने बाखला वाहिलेला, आपल्या बीडब्ल्यूव्ही 999 च्या अभ्यासानंतर ओळखीचा वाटेल. चौथाही आवाक्यात येईल. त्यानंतर पहिला, मग डी मेजरचा पाचवा. दुसरा सर्वांत शेवटी, कारण त्याच्या मधल्या भागात डावा हात एकच आकार धरून फ्रेटवर वरखाली सरकतो आणि मोकळ्या तारा मध्ये वाजत राहतात, तेथे उजव्या हाताच्या आर्पेजिओला दमसास लागतो. तो आधी घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या मनगटाच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत.

‘लाग्रिमा’ आणि व्हिला-लोबोस यांच्यामध्ये किमान दीड ते दोन वर्षे जावीत असे मला वाटते. त्या काळात कार्कासी यांच्या ओपस 59 या शिक्षणग्रंथातील छोटे प्रिल्यूड वाचनासाठी उत्तम. तेथे प्रत्येक स्केलनंतर एक प्रिल्यूड दिला आहे, काही ओळींचाच, आणि तो रोज एक नवा वाचता येतो. जुलियानी यांचे ओपस 83 मधले सहा प्रिल्यूड त्याहून जड आहेत. द व्हिझेच्या डी मायनर सुटचा प्रिल्यूड मध्येच केव्हाही घ्यावा, तो अर्ध्या पानाचा आहे आणि त्यात कमी स्वरांत धीर कसा धरायचा हे कळते. लिओ ब्रॉवर यांच्या ‘प्रेल्युदिओस एपिग्रामातिकोस’चा मोह झाल्यास थोडे थांबावे, त्यांचे लेखन वेगळ्याच डोळ्यांनी वाचावे लागते.

पैशांविषयी. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे संगीताचे हक्क राहतात. तारेगा, कार्कासी, जुलियानी यांचा प्रश्नच नाही. बारिओस 1944 मध्ये आणि पोन्से 1948 मध्ये गेले, त्यांच्याही मूळ रचना येथे मुक्त आहेत. व्हिला-लोबोस 1959 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या मूळ रचना भारतात 1 जानेवारी 2020 पासून मुक्त झाल्या. युरोपात मुदत सत्तर वर्षांची असल्याने तेथे तसे नाही. पण नव्या संपादकाची बोटे, टिपा आणि रूपांतर यांचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे झिगांते यांचे पुस्तक विकतच घ्यावे. ब्रॉवर यांचेही विकतच घ्यावे. आयएमएसएलपी या 2006 मध्ये सुरू झालेल्या इंटरनेटवरील संग्रहात जुन्या छपाया मिळतात, आणि स्टॉकहोमच्या संगीत ग्रंथालयाने बोइये संग्रहातील एकोणिसाव्या शतकातील गिटारची पाने सर्वांना पाहता येतील अशी ठेवली आहेत. कार्कासी आणि जुलियानी तेथे शोधावेत.

राहिला छपाईचा भाग. जुनी संगीतपाने ए-फोरपेक्षा मोठी असतात, ती ए-फोरवर दाबून छापली की जादा रेघा एकमेकींत मिसळतात. राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या परिसरात ए-थ्रीवर छापून देणारी दुकाने आहेत. दोन पानांचा प्रिल्यूड एका ए-थ्रीवर शेजारी शेजारी छापून घ्यावा, म्हणजे मध्येच पान उलटण्याचा प्रश्न उरत नाही. तीन पानांचा असेल तर तिसरे पान मागून चिकटपट्टीने जोडावे. स्पायरल बाइंडिंग करू नये, स्टँडवर ती वही मिटते. कागद शंभर जीएसएमचा घ्यावा, कारण जुलै-ऑगस्टच्या पावसात पातळ कागद लाटेसारखा वाकतो आणि पेन्सिलीच्या खुणा पसरतात. त्याच दिवसांत गिटारचे लाकूडही फुगते आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात, त्यामुळे मे महिन्यात सोपी वाटलेली बोटे ऑगस्टमध्ये अवघड जातात. अशा वेळी कागदावरील बोटे खोडण्याची घाई करू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ती पुन्हा वाजवून पाहावीत आणि मगच शाईने पक्की करावीत. आपल्या ‘लाग्रिमा’च्या जुन्या स्कॅनची ए-थ्री प्रत काढून, दोन रंगांच्या खुणा करून पाठवल्यास मी ती पाहीन आणि सरकणाऱ्या तीन जागांसाठी माझी बोटे तिच्यावर लिहून देईन.